घड्याळ आणि डेसिबेल : निवासी वस्तीतील आवाजाचे नियम

बदलापूर पश्चिमेकडील मांजर्ली हा भाग कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत येतो आणि तेथे राहणाऱ्या कुटुंबाला आवाजापासून मिळणारे संरक्षण कोणत्याही एका कायद्यात सापडत नाही. केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १४ फेब्रुवारी २००० रोजी केलेले ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम हा त्याचा मुख्य आधार असला, तरी त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील अधिकार, भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाचे कलम आणि इमारतीपुरते पाहायचे तर सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी, म्हणजे संस्थेने स्वीकारलेली व निबंधकाकडे नोंदलेली अंतर्गत नियमावली, यांचाही आधार घ्यावा लागतो. या साऱ्या तरतुदींत काही मर्यादा आकड्यांच्या आहेत आणि काही वेळेच्या; त्यांपैकी सामान्य रहिवाशाच्या खरोखर उपयोगी पडते ती वेळेची मर्यादा, हे या नियमांचा इतिहास आणि व्यवहार तपासल्यावर दिसून येते.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती, ती २०११मध्ये १,७४,२२६ झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर असलेल्या या शहरातील मोठा नोकरदार वर्ग रोज लोकलने जा-ये करतो, त्यामुळे पहाटेची गाडी धरणाऱ्याची रात्र मुळातच आखूड असते आणि साडेअकरापर्यंत चाललेल्या वाजंत्रीमुळे त्याची जेवढी झोप बुडते तेवढी कचेरीच्या जवळ राहणाऱ्याची बुडत नाही. वस्तीची घडणही आवाजाला अनुकूल आहे. जुन्या गावाला लागून उभी राहिलेली संकुले, तळमजल्यावरचे दुकानांचे गाळे, राहत्या इमारतीशेजारी चालू असलेले नवे बांधकाम, लग्नाची मोकळी लॉन्स आणि ज्यांचे समालोचन कर्ण्यावरून दिवसभर ऐकू येते असे टेनिस क्रिकेटचे सामने, हे सगळे अशा उपनगरात हाकेच्या अंतरावर असते; शिवाय ठाणे-रायगड पट्ट्यात लग्नाच्या मुहूर्तापेक्षा हळदीच्या रात्रीलाच डीजेचा जोर अधिक असतो, हे लग्नसराईत कोणाच्याही ध्यानात येते.

२०००च्या नियमांनी परिसराचे चार प्रकार मानले असून प्रत्येकासाठी दिवसाची व रात्रीची मर्यादा ठरवली आहे. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबेल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबेल, असे हे कोष्टक असून ‘दिवस’ म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि ‘रात्र’ म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, अशी व्याख्या त्यातच दिलेली आहे. खाली दुकाने आणि वर घरे अशी मिश्र वस्ती कोणत्या रकान्यात बसते, हा प्रश्न नियमकर्त्यांनाही पडला होता. त्याचे उत्तर म्हणून अशा परिसराला चारांपैकी एका प्रकारात घालण्याचे काम सक्षम प्राधिकाऱ्यावर सोपवण्यात आले. एखादा रस्ता निवासी ठरतो की व्यापारी, यावर त्याच्या कायदेशीर शांततेतला १० डेसिबेलचा फरक अवलंबून असतो, आणि हा फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे.

त्याचे कारण डेसिबेल या मोजमापाच्या रचनेत आहे. डेसिबेलची मोजणी लघुगणकीय असते, म्हणजे १० डेसिबेलची वाढ ही ध्वनीच्या ऊर्जेत दहापट आणि २० डेसिबेलची वाढ शंभरपट वाढ दर्शवते. मानवी कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी भासते. सारख्या ताकदीच्या दोन ध्वनिक्षेपकांचा एकत्रित आवाज एकाच्या आवाजापेक्षा फक्त ३ डेसिबेलने जास्त असतो. म्हणूनच मंडळाने सामोपचार म्हणून अर्धे स्पीकर बंद केले तरी समोरच्या इमारतीतील माणसाला फारसा फरक जाणवत नाही, आणि ‘निम्मा आवाज केला’ असे सांगणारा कार्यकर्ता व ‘काहीच कमी झाले नाही’ असे म्हणणारा रहिवासी हे दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

अंतराचाही असाच नियम आहे. उघड्या जागी एका ठिकाणाहून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबेलने उतरतो, तर रस्ता किंवा रेल्वेमार्ग यांसारख्या लांबलचक उगमाचा आवाज सुमारे ३ डेसिबेलनेच उतरतो. समजा, स्पीकरच्या भिंतीपासून १० मीटरवर ९५ डेसिबेल आवाज आहे. तर २० मीटरवर तो ८९, ४० मीटरवर ८३, ८० मीटरवर ७७, १६० मीटरवर ७१ आणि ३२० मीटरवर ६५ डेसिबेल होईल, म्हणजे पाव किलोमीटरच्या पलीकडे गेल्यावरही निवासी क्षेत्राची दिवसाची ५५ची मर्यादा दहा डेसिबेल दूरच राहील. हे गणित मोकळ्या माळरानाचे आहे. समोरासमोर उभ्या असलेल्या इमारतींच्या रांगांत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे संकुलांच्या मधल्या गल्लीत तो इतक्या सहजासहजी विरत नाही.

डीजेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती नियमांच्या मोजमापातच दडलेली आहे. नियमांतील आकडे ‘ए-भारित’ डेसिबेलमध्ये दिलेले असतात, म्हणजे मानवी कान खर्जातील आवाजाला कमी संवेदनशील असतो हे गृहीत धरून मापक यंत्र त्या आवाजाची नोंद मुद्दाम कमी करते. सेकंदाला ६३ कंपनांच्या ध्वनीतून ते जवळपास २६ डेसिबेल वजा करते. भाषण किंवा भजन मोजण्यासाठी ही पद्धत योग्य आहे. परंतु ज्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरतात आणि छातीत धडधड जाणवते, त्याचा मुख्य भाग याच खर्जात असतो, आणि भिंतीही उंच पट्टीतला आवाज अडवतात तेवढा खर्ज अडवत नाहीत. परिणामी यंत्रावर आकडा मर्यादेच्या जवळपास दिसत असताना घरातल्या आजारी माणसाला तो असह्य होऊ शकतो. प्रचलित मर्यादांचा हा खरा दोष आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

निवासी क्षेत्रासाठी ठरवलेली रात्रीची ४५ची मर्यादा अवास्तव कडक आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शिकेत निर्वेध झोपेसाठी शयनगृहातील आवाज ३० डेसिबेलच्या आत असावा असे म्हटले असून किंचित उघडी खिडकी बाहेरचा आवाज सुमारे १५ डेसिबेलने कमी करते असे धरले आहे; तीस आणि पंधरा यांची बेरीज पंचेचाळीसच होते. भारतातील हे कोष्टक प्रथम १९८९मध्ये, म्हणजे त्या मार्गदर्शिकेच्या दहा वर्षे आधी पर्यावरण नियमांत आले होते, त्यामुळे ते तिची नक्कल नाही. पण कोकणपट्टीतल्या दमट हवेत खिडकी उघडी ठेवूनच झोपणाऱ्यांसाठी हा आकडा चैनीचा नसून किमान गरजेचा आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

आकड्यांच्या या मर्यादेची पंचाईत अशी की ती सिद्ध करायला प्रमाणित ध्वनिमापक यंत्र, ते हाताळणारा अधिकारी आणि रीतसर पंचनामा लागतो. भ्रमणध्वनीतील ॲपवर दिसणारा आकडा अंदाजापुरता ठीक असतो, पण त्या फोनचा ध्वनिग्राहक ज्ञात पातळीच्या आवाजाशी ताडून पाहिलेला नसतो, म्हणून त्याला पुराव्याचे मोल फारसे नसते. त्यात सातव्या नियमानुसार दिवसा तक्रार करता येते ती आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेल किंवा अधिक असेल तरच. निवासी क्षेत्रात याचा अर्थ कागदावरची मर्यादा ५५ असली तरी तक्रारीची सीमा ६५वर जाते.

याउलट वेळेची मर्यादा कोणालाही घड्याळाकडे पाहून तपासता येते. पाचव्या नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक लावायला प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी दिवसाही लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो सभागृह, परिषद कक्ष किंवा मेजवानीचे दालन यांसारख्या बंदिस्त जागेबाहेर वाजवता येत नाही. २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीने या बंदीत ध्वनिक्षेपकाबरोबर कोणतेही आवाज करणारे साधन आणि वाद्यसुद्धा घातले, त्यामुळे वीज न वापरणारे ढोल-ताशा पथक यातून सुटते ही समजूत चुकीची आहे. तशीच लॉनवर मंडप घातला म्हणजे जागा बंदिस्त झाली ही समजूतही. त्याच दुरुस्तीने निवासी भागात रात्री हॉर्न वाजवणे, आवाजाचे फटाके उडवणे आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवणे यांवर बंदी आणली. रात्री अकरा वाजता शेजारच्या भूखंडावर ब्रेकर किंवा काँक्रीट मिक्सर चालू असेल, तर तो किती डेसिबेलचा आहे हा प्रश्नच उरत नाही. तो चालू आहे एवढेच पुरेसे असते. आणि रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असेल तर तक्रारीसाठी १० डेसिबेलची अटही नाही. या नियमांत घड्याळाला जेवढे बळ आहे तेवढे डेसिबेलला नाही, असे म्हणायला त्यामुळे हरकत नसावी.

घड्याळालाही एक सवलत जोडलेली आहे. २००२मध्ये आलेल्या तरतुदीनुसार राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांच्या निमित्ताने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १० ऐवजी १२पर्यंत वाढवू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २००५ रोजी ही तरतूद वैध ठरवली. महाराष्ट्रात या दिवसांची यादी जिल्हा पातळीवर जाहीर होते आणि तिचा मोठा भाग गणेशोत्सव व नवरात्रीत खर्ची पडतो. खासगी हळद, वाढदिवस किंवा क्रिकेट स्पर्धेचा बक्षीस समारंभ यांना ही सवलत स्वतंत्रपणे मिळत नाही, आणि यादीतल्या दिवशीही बारानंतर ती संपते. शांतता क्षेत्राला तर ती लागूच नाही.

हे नियम मुंबई-ठाणे परिसराला आयते मिळालेले नाहीत. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५मध्येच गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी मद्रासमधील एका निवासी वसाहतीच्या प्रकरणात प्रार्थनेसाठी ध्वनिवर्धक लावावाच असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी व न्यायमूर्ती अशोक भान यांच्या खंडपीठाने शांत जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात येतो आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या कानांवर आवाज लादता येत नाही, असे ठरवले. ज्या याचिकेतून हा निकाल आला तिला एका तेरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या घटनेची पार्श्वभूमी होती. शेजारी चाललेल्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कोणालाच ऐकू गेल्या नव्हत्या. आवाजाचा प्रश्न केवळ झोपेचा नाही, हे त्या एका प्रकरणाने पुरेसे दाखवून दिले.

बदलापूरला अधिक जवळचा धागा ठाण्याचा आहे. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांनी २०१०मध्ये केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६मध्ये सविस्तर निकाल दिला, ज्यात ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, पोलिसांना ध्वनिमापके पुरवावीत, तक्रारीची यंत्रणा उभारावी आणि शहरांचे ध्वनी-नकाशे, म्हणजे कोणत्या भागात किती आवाज असतो हे दाखवणारे आराखडे, तयार करावेत, अशा गोष्टी आल्या. पुढच्याच वर्षी या प्रकरणाला विलक्षण वळण लागले. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जात असे. १० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलून राज्य सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही अशी तरतूद केली. ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य सरकारने थेट न्यायमूर्तींवरच पक्षपाताचा आरोप केला, प्रकरण काही काळ दुसरीकडे सोपवले गेले, वकीलवर्गातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्यावर सरकारने आरोप मागे घेऊन माफी मागितली, पूर्णपीठाने १ सप्टेंबरला नव्या तरतुदीला स्थगिती दिली आणि ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. महिन्याभराच्या या घडामोडीतून एक गोष्ट निश्चित झाली की शाळेच्या किंवा दवाखान्याच्या शेजारी राहणाऱ्याने तो परिसर आपोआप शांतता क्षेत्र आहे असे गृहीत धरू नये. तशी अधिसूचना निघाली आहे की नाही हे पाहावे लागते.

अंमलबजावणीची जबाबदारी कोणाची, याविषयी अजूनही गोंधळ आढळतो. नगरपरिषद मंडपाला किंवा बांधकामाला परवानगी देते, तथापि ध्वनी नियमांखालील ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा त्यासाठी नेमलेला, पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. बदलापूर ठाणे पोलीस आयुक्तालयात येत असल्याने तक्रारीचा पहिला पत्ता स्थानिक पोलीस ठाणे किंवा ११२ हा क्रमांक हाच असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३८व्या कलमाखाली एखाद्या जागेतील गाणे-बजावणे किंवा अन्य आवाज शेजाऱ्यांना त्रासदायक होत असेल तर तो थांबवण्याचा वा नियंत्रित करण्याचा लेखी आदेश आयुक्तांना काढता येतो. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय न्याय संहितेच्या २९२व्या कलमात एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, जो डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे नगण्यच म्हणायचा. पर्यावरण अधिनियमातील शिक्षा मात्र आधी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची होती आणि १ एप्रिल २०२४पासून तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला आहे. कैदेची तरतूद गेल्याने कायदा सौम्य झाला की, दंड प्रत्यक्षात वसूल होण्याची शक्यता वाढल्याने तो अधिक धारदार झाला, हे आता अंमलबजावणीवरच ठरेल.

तक्रारदाराला वाटणारी खरी भीती मात्र निराळी असते. ज्या मंडळाविरुद्ध तक्रार करायची त्याचेच कार्यकर्ते त्याच गल्लीत राहतात, आणि पोलिसांची गाडी परत गेल्यावर ‘कोणी फोन केला’ ही चौकशी सुरू होते. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवासी संघटनेच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ रोजी निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अजय गडकरी व श्याम चांडक यांच्या खंडपीठाने नेमकी हीच बाब लक्षात घेतली आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता व उघड न करता कारवाई करावी, प्रथम समज द्यावी, नंतर दंड करावा आणि तरीही न ऐकल्यास यंत्रसामग्री जप्त करून परवाना रद्द करण्यापर्यंत जावे, असा चढता क्रम घालून दिला.

उरतो तो आवाज, जो बाहेरून न येता वरच्या किंवा शेजारच्या सदनिकेतून येतो, आणि त्याच्याबाबत २०००चे नियम जवळजवळ मुके आहेत. खासगी जागेच्या सीमेवर तेथील ध्वनियंत्रणेचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक असू नये, म्हणजे निवासी भागात दिवसा ६० व रात्री ५०च्या वर जाऊ नये, एवढे ते सांगतात; पण फरशी कापण्याचे कटर, ड्रिल मशीन, मध्यरात्री सुरू होणारा पाण्याचा पंप किंवा डोक्यावर सरकणारे फर्निचर यांची दाद तेथे लागत नाही. या ठिकाणी संस्थेचे उपविधी उपयोगी पडतात. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींमध्ये सभासदाने आपल्या सदनिकेत इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असे काही करू नये, अशी तरतूद असून तिच्या आधारे अनेक संस्था सर्वसाधारण सभेत ठराव करून दुरुस्तीकामाचे तास ठरवतात, दुपारी दोन ते चार तोडफोड बंद ठेवतात आणि रविवारी कामगारांना आत सोडत नाहीत. जर्मनीत भाडेकरूंच्या गृहनियमांत दुपारच्या विश्रांतीचे तास असतात आणि रविवारी ड्रिल चालवणे तेथे गैर समजले जाते. वामकुक्षीचा मान राखण्यात बदलापूरच्या संस्था एकट्या नाहीत.

संस्थेचा ठराव केंद्राच्या नियमांपेक्षा कडक असू शकतो, सैल असू शकत नाही. गच्चीवर रात्री बारापर्यंत गाणी लावायला कार्यकारी समितीने दिलेली परवानगी कायद्यापुढे निरर्थक ठरते. दुसऱ्या टोकाला, तान्ह्या मुलाचे रडणे, कुकरची शिटी किंवा सकाळची पूजेची घंटा यांवर ठराव करण्याचा मोह समित्यांनी टाळलेला बरा, कारण उपद्रवाची कसोटी ही सामान्य माणसाच्या सहनशक्तीची असते, सर्वांत चिडखोर सभासदाच्या सहनशक्तीची नव्हे. इंग्लंडमध्ये १८९३ साली क्रिस्टी विरुद्ध डेव्ही या खटल्यात घरी संगीताचे वर्ग घेणाऱ्या कुटुंबाला छळण्यासाठी मधल्या भिंतीवर मुद्दाम थाळ्या बडवणाऱ्या शेजाऱ्यालाच न्यायालयाने मनाई केली होती. आवाज किती यापेक्षा तो कोणत्या हेतूने केला, याला तेथे महत्त्व मिळाले. वारंवार उपद्रव देणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचा मार्ग सहकारी संस्था अधिनियमाच्या ३५व्या कलमात आहे, परंतु त्याला सभेत तीन चतुर्थांश मतांची आणि निबंधकाच्या मान्यतेची गरज असल्याने तो क्वचितच वापरला जातो, आणि तो क्वचितच वापरला जावा हेच योग्य.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर ध्वनी-नकाशांचे काम महानगरपालिकांच्या शहरांपासून सुरू झाले. बदलापूर आणि अंबरनाथ या नगरपरिषदा असल्याने येथील रहिवाशांना आपल्या रस्त्याचा आकडा दाखवणारा सरकारी आराखडा पुढे करता येत नाही. म्हणून मांजर्लीतल्या रहिवाशाने तक्रार करताना डेसिबेलच्या वादात शिरण्याऐवजी आवाज रात्री किती वाजता चालू होता, नेमका कोठून येत होता आणि तो ध्वनिक्षेपकाचा, वाद्याचा की बांधकामाच्या यंत्राचा होता, एवढे तपशील लेखी द्यावेत, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीची प्रत मागावी आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून परतू नये.